पाठीवरचं पाणी

पाण्याची बॅग रिकामी पाठीला लावून बघायची नाय. भरून बघायची. रिकामी बॅग सगळ्यांनाच चांगली बसते. गिऱ्हाईक मोबाईलच्या काचेत बघतं, मागं वळून बघतं, फोटो काढतं. मग मी बोलते, वायच थांबा. कळशीतलं पाणी आतल्या पिशवीत ओतते, तोंड घट्ट लावते, बॅग परत पाठीला देते आणि सांगते, आता हा उतार उतरून खाली जावा आणि वर या. वर येताना माणूस खरं बोलतो. खांद्याला काचते काय, पाणी डचमळतं काय, कमरेवर आपटते काय, सगळं त्या चढावर कळतं. कितीतरी लोक वर येतात आणि बोलतात, काकी, दुसरी दाखव.

माझी टपरी रत्नागिरीत स्टँडपासून जवळच आहे, उताराच्या डोक्याला. एक पायाचं मशीन, एक फळी, भिंतीवर टांगलेल्या बॅगा. लोक मला बॅगवाली काकी म्हणतात. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या धंद्याचं काहीतरी द्या. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायला येतं, लिहायला हात जड. म्हणून मी मोबाईलमध्ये बोलते आणि तो लिहितो. बरंचसं बरोबर लिहितो.

ज्यांनी ही बॅग बघितली नाय त्यांना आधी सांगते. पाठीला लावायची छोटी सॅक असते. तिच्या आत प्लास्टिकची चपटी पिशवी, फुटबॉलच्या आत ब्लॅडर असतो तशी. तिलाही ब्लॅडरच म्हणतात. पिशवीतून एक नळी निघते, खांद्यावरून पुढं येते, तोंडापाशी. नळीच्या टोकाला रबराचं बोंड. दातात धरून चावलं की पाणी येतं, सोडलं की बंद. धावणारे, सायकलवाले, डोंगर चढणारे ही वापरतात. हँडल सोडायला नको, थांबायला नको, बाटली शोधायला नको. चालता चालता घोट.

पहिली असली बॅग माझ्याकडं शिवायला आली ती भाट्याच्या पुलावर धावायला जाणाऱ्या एका माणसाची. पट्टा उसवला होता. मी नळी बघून विचारलं, "हे काय, सलाईन?"

तो हसला. बोलला, "पाणी आहे काकी. पाठीवर पाणी. लागेल तेव्हा घोट घ्यायचा."

मी पट्टा शिवून दिला. तो गेला. पण ते 'लागेल तेव्हा' माझ्या डोक्यातून गेलं नाय. कारण मी तोपर्यंत अर्धं आयुष्य लागेल तेव्हा पाणी न पिता काढलं होतं.

माझा नवरा मच्छीमार बोटीवर होता. जाळं ओढताना दोर तुटला आणि त्याच्या पाठीत बसला. जगला, पण वाकला तो वाकलाच. पोरं ल्हान. माझ्या माहेरी जाळी विणायचे, त्यामुळं दोरा, गाठ, सुई हे मला चालता यायला लागल्यापासून येतं. एका सीटकव्हरवाल्यानं त्याचं जुनं मशीन मला दिलं आणि मी रस्त्यावर येऊन बसले. ताडपत्र्या शिवल्या, इंजिनांची कव्हरं शिवली, पावसाळ्यात छत्र्या, जूनमध्ये शाळेची दप्तरं. ताडपत्रीची सुई जाड असते. एकदा बोटातून आरपार गेली. बाहेर ओढली, चिंधी बांधली आणि ती शिवण पुरी केली, कारण टेम्पोवाला समोर उभा होता.

हे सगळं जमलं. न जमण्यासारखं एकच होतं. सकाळी घरातून निघताना एक घोट पाणी घ्यायचं आणि मग संध्याकाळी घरी. मधे नाय. बाईमाणूस रस्त्यावर बसून धंदा करतं तेव्हा ते जाणार कुठं? त्या वेळी जवळपास काही नव्हतं. म्हणून पाणीच प्यायचं नाय. मी एकटी नाय, मासळी घेऊन बसणाऱ्या बायका तशाच, भाजीवाल्या तशाच. जळजळ व्हायची, थंडी वाजून ताप यायचा, कंबर धरायची. गोळी घ्यायची आणि परत मशीनवर बसायचं. आम्ही एकमेकींना ते बोलून पण दाखवत नव्हतो. आता माझ्या भिंतीवर इतक्या पाण्याच्या बॅगा टांगल्यात आणि त्या बायकांतल्या बऱ्याच जणी गेल्या. त्यांना ही बॅग दिली असती तरी त्या प्यायल्या नसत्या. पाणी कुठनं आणायचं हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

असो. धंद्याचं सांगते.

मुंबईच्या एका होलसेलवाल्याकडून मी बॅगा मागवते आणि इथं त्यात फेरफार करते. आपल्याकडची हवा खारी. लोखंडी रनरची चेन इथं एका हंगामात गंजून बसते, मग ती ओढताना दात तुटतात. मी प्लास्टिकची जाड चेन लावते. पाठीला फोम जाड नको. दुकानात दाबून बघायला तो छान वाटतो, पण पावसात तो पाणी पितो आणि घामात पण पितो, मग तुमच्या पाठीवर दोन पाणी, एक प्यायचं आणि एक फुकटचं. पातळ फोम, त्यावर जाळी, मधे हवा जायला जागा. आणि बायकांसाठी छातीचा पट्टा मी काढून परत लावते. बायकांच्या छातीवर पट्टा कुठं यायला हवा हे बॅग बनवणाऱ्या बाप्यांना अजून कळलेलं नाय. तो वरखाली सरकता पाहिजे. सरकत नसेल तर ती बॅग बाईनं घेऊ नये.

कोल्हापूरकडचे ट्रेकवाले येतात. पहिला प्रश्न, वॉटरप्रूफ आहे काय? मी सांगते, जिथं सुई गेली तिथं भोक आहे आणि जिथं भोक आहे तिथं कोकणातलं पाणी जाणार. अडवायला वरून कव्हर घ्या, आणि आत गेलेलं बाहेर यायला बॅगेच्या बुडाला भोक असू द्या. हे ऐकून काही जण नाराज होतात. त्यांना छापील लेबल पाहिजे असतं.

गणपतीपुळ्याला आलेलं एक नवं जोडपं होतं. तिला बुटांच्या रंगाची बॅग हवी होती. माझ्याकडं नव्हती. तो बिचारा बोलला, "अगं, मग बूट बदलू." ते मला फार आवडलं. त्यांना मी बोंडावर घालायच्या दोन टोप्या फुकट दिल्या.

आणि एक आमच्याच गावाकडचा, नाव सांगत नाय, त्यानं पिशवीत माडी भरली. गावच्या क्रिकेटच्या सामन्याला निघाला होता, बाटली दिसली असती म्हणून पाठीवर. माडी ती, ऊन लागलं की फेसाळते. जीपमध्ये बसल्या बसल्या पिशवी फुगली, बॅग फुगली, शेजारचा बोलतो, "तुझी पाठ का वाढत्ये रे?" आणि मग फुटली. सगळी जीप माडीनं आंघोळ करून मैदानात उतरली. तो माझ्याकडं येऊन भांडला, की माल खराब दिलास. मी पिशवी नाकाला लावली आणि त्याच्याकडं बघितलं. मग तो बोलला, "वास घेऊ नको गो काकी, दुसरी दे." तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, ह्यात पाणी भरायचं. सोडा नाय, सरबत नाय, कोकम नाय. कोकमाचा डाग आणि वास मरेपर्यंत जात नाय.

पण मला मुख्य सांगायचंय ते वनिताचं.

वनिता पालीच्या पुढं एका वाडीत राहते. बसवर कंडक्टर आहे. तिच्या चामड्याच्या बॅगेचा पट्टा मी पूर्वीपासून शिवत आले, म्हणून ओळख. नवरा मुंबईला वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला येतो. घरी ती आणि सासू. सासूचं नाव पार्वती. शेती सगळी सासूच्या अंगावर.

वनितानं माझ्यासारखंच केलं. ड्युटीवर पाणी प्यायचं नाय. मी तिला कितीदा बोलले असेन. ती बोलायची, "काकी, पन्नास माणसं बसलेली असतात गाडीत. माझ्यासाठी गाडी कशी थांबवू?" मुतखडे झाले, अंगावर काढलं, आणि डावं मूत्रपिंड खराब झालं. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं, ते काढलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकावर भागवायचं आहे, पाणी कमी पडू द्यायचं नाय.

त्याच्या नंतर तिला सायकलचं वेड लागलं. अंग हलतं ठेवा असं डॉक्टर बोलले आणि हिनं गिअरची सायकल आणली. आधी वाडीतून पालीपर्यंत, मग रत्नागिरीपर्यंत, मग इथल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर गणपतीपुळ्याला. मी विचारलं, एवढं काय आहे त्या सायकलीत? ती बोलली, "इतकी वर्षं गाडी दुसरा चालवतो आणि मी मागं उभी. ह्याच्यावर मी ड्रायव्हर."

एक दिवस भातलावणी आटपल्यावर ती आणि सासू दोघी टपरीवर आल्या. सासूला मी स्टूल दिलं. ती बसली नाय.

"काकी, ग्रुप मुरुडला जाणार आहे. दापोलीच्या. गणपती गेले की," वनिता बोलली. "मला बॅग पाहिजे."

"आणि येणार कशी ते सांग काकीला," सासू बोलली. "ॲम्ब्युलन्समधनं?"

"टेम्पोतून, आई. सायकली टेम्पोत घालून सगळेच परत येणार."

"बाय, तू हिला बॅग देऊ नको," सासू माझ्याकडं वळली. "सांग, संपल्या."

"भिंतीवर टांगल्यात पार्वतीबाय. संपल्या कशा म्हणू?"

"मग हिच्या मापाची नाय म्हण."

"मापाची मी करून देते."

"तू पण हिच्यातलीच."

हे सगळं ती हसत हसत बोलत होती असं कोणी समजू नये. तिचा हात छत्रीच्या दांड्यावर घट्ट होता. मग ती एकदम हळू आवाजात बोलली, "हिला आत नेली तेव्हा मी बाहेर बाकड्यावर होते. लेक मुंबईवरनं निघालेला, पोचला नव्हता. कागदावर अंगठा माझा. मी तिथंच ठरवलं, ही परत आली की हिला कळशी पण उचलू द्यायची नाय. आणि ही आता सायकल मारते, डोंगरानं."

वनिता भिंतीवरच्या एका बॅगेची चेन उघडझाक करायला लागली. 

सासूच बोलली. "एकदा जाऊ दे. मी अडवत नाय. पण परत येताना कळ घेऊन आली, तर सायकल विकायची. परत नाव काढायचं नाय. हे काकीसमोर बोलणं झालं."

"झालं," वनिता बोलली.

मग आम्ही बॅग निवडली. सायकलवाल्याची बॅग वेगळी. तो पुढं वाकलेला असतो, म्हणून पाणी खांद्यांच्या मधोमध वर बसलं पाहिजे, नायतर उतारावर बॅग डोक्याकडं सरकते. छातीचा पट्टा तिच्या मापानं लावला, कमरेचा काढूनच टाकला, कारण टाक्याच्या जागी तो काचला असता. आतली पिशवी दोन लिटरची घेतली, तोंड मोठं, आत हात जाईल असं. हात जात नसेल तर धुणार कशी आणि धुतली नाय तर आठवड्यात शेवाळ. पाणी भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्यायला शिकवलं, म्हणजे डचमळत नाय. घोट घेतल्यावर नळीत उलटी फुंकर मारायची, म्हणजे नळीतलं पाणी मागं जातं आणि उन्हात पहिला घोट गरम लागत नाय.

तिला उतारावरून पाठवलं. खाली गेली, वर आली. वर येऊन बोलली, "बसली."

सासू बोलली, "बोंड चावून बघ. गळेल."

चावलं. गळलं नाय.

एक गोष्ट मी तिला दोनदा सांगितली आणि तीच मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. उन्हात माणूस पाणी पितो, कारण उन्हात तहान कळते. पावसात कळत नाय. अंग ओलं, तोंड ओलं, मग वाटतं कशाला हवंय. पण अंगातलं पाणी पावसात पण जातं. रेनकोटच्या आत घाम काय कमी येतो? म्हणून पावसात तहान लागायची वाट बघायची नाय. चढ सुरू व्हायच्या आधी घोट, उतार संपला की घोट. नळी तोंडासमोर असते ती त्याच्यासाठीच, विसरू नये म्हणून.

धुवायचं पण सांगितलं. पण ते वनिताला सांगितलं. सासूला सांगायचं माझ्या मनात आलं नाय, कारण ती त्या बॅगेला हात लावील असं मला वाटलं नव्हतं.

गणपती गेले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी परत आल्या. सासूच्या हातात स्टीलचा डबा. डबा उघडला तर आत ती पिशवी, घडी घालून, एखादी जखमी चिमणी आणावी तशी आणलेली.

मी हातात घेतली. कडा पिवळी पडली होती, एका बाजूनं सांधा सुटला होता. नाकाला लावली, तर धूर.

आमच्याकडं पावसात काय सुकवायचं झालं तर एकच जागा असते. चुलीवर दांडी टांगलेली असते, तिच्यावर ओले कपडे, सुकी मासळी, बियाण्याची कणसं, सगळं. वनिता ड्युटीवर गेलेली. पार्वतीबायनं बघितलं, पिशवी आतून ओली आहे. सुनेच्या पोटात जायचं पाणी, म्हणून गरम पाण्यानं दोनदा धुतली आणि दांडीवर टांगली, कणसांच्या शेजारी. पाच-सहा दिवस. ह्या पिशवीला शिवण नसते, कडा गरम करून चिकटवलेल्या असतात. ऊब लागली, चिकटवलेलं सुटलं.

"धूर आत गेला म्हणून मी परत धुतली," ती बोलली. "मग गळायला लागली. शिवून दे."

"ही शिवता येत नाय. सुई लावली की भोक."

"मग चिकटव."

"प्यायचं पाणी आहे पार्वतीबाय. सोल्युशन लावून कसं चालेल?"

 माझ्याकडं मोठी पिशवी शिल्लक नव्हती. गणपतीच्या गर्दीत मुंबईचं पार्सल अडकलं होतं. एक छोटी होती, गावातल्या गावात धावणाऱ्यांसाठी असते तशी, लिटरभराची. मी ती फळीवर ठेवली.

सासूनं ती उचलून बघितली. "ही? ही तर पोरांच्या खेळातली."

"एवढीच आहे."

"बरं झालं," ती वनिताला बोलली. "आता जाऊ नको."

"जाणार मी."

"टीचभर पिशवीवर?"

"वाटेत भरत जाईन."

"आणि नाय मिळालं तर?"

वनितानं पिशवी बॅगेत बसवली, नळी जोडली. सासूला ती काही उलटं बोलली नाय, पिशवी का टांगलीस असं पण नाय. ती ते बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. पार्वतीबाय रिकामा डबा हातात धरून उभीच होती. ती भांडायला तयार होती आणि भांडायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस. मी टपरी उघडली तर पार्वतीबाय समोर. बोलली, छत्री शिवायची आहे. छत्रीला काही झालेलं नव्हतं. मी एक काडी सैल करून परत घट्ट केली आणि दिली. ती ह्या वेळी स्टुलावर बसली.

"आता कुठं असेल?" थोड्या थोड्या वेळानं विचारायची.

मी सांगत होते. आता गणपतीपुळं गेलं असेल. आता जयगडला फेरीबोटीत असेल. खाडी ओलांडली की तवसाळ, मग गुहागर, मग दुसरी फेरी दाभोळला, मग मुरुड.

"फेरीत पाणी मिळतं?"

"जेटीवर दुकान आहे."

"आणि त्याच्या पुढं?"

पुढं चढ होते. मी सांगितलं नाय. पण तिला माहीत होतं. कोकणातल्या बाईला खाडीच्या पलीकडं काय असतं ते सांगावं लागत नाय.

पाऊस थांबला आणि कडक ऊन पडलं, रस्त्यावरून वाफा निघाल्या. दुपार टळायच्या आधी पार्वतीबायचा फोन वाजला. वनिता होती. मला एवढंच ऐकू आलं, "आई, मी थांबले. मी गुहागरवरनं बसनं येते." आणि फोन कट. परत लावला तर रेंज नाय.

पार्वतीबायनं फोन मांडीवर ठेवला. "कळ आली," ती बोलली.

"तसं बोलली नाय ती."

"ती कधी बोलली? ऑपरेशनच्या आधी पण बोलली नाय. तशीच तिकिटं फाडत होती." मग जरा वेळानं, "सायकल विकायची आता. मीच बोलले होते."

मी चहा मागवला. ती प्यायली नाय. मी एका दप्तराची चेन बसवायला घेतली आणि उलटी बसवली. मी चेन उलटी बसवत नाय कधी.

चिपळूणवरनं फिरून येणारी गाडी संध्याकाळी लागली. गाडीच्या टपावर सायकल बांधलेली लांबूनच दिसली. मी टपरी तशीच सोडून पार्वतीबायच्या मागून गेले. दार उघडलं, माणसं उतरली. शेवटी वनिता उतरली, मागून त्या गाडीची कंडक्टर, हसत. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "लगेजचं तिकीट फाडलंय हो हिच्या सायकलीचं. आपल्यातली म्हणून सोडली नाय."

पार्वतीबाय हसली नाय. ती सुनेची चाल बघत होती. मुतखड्याची कळ आलेलं माणूस एका अंगावर झुकून चालतं, हात कमरेला जातो. ऑपरेशनच्या आधी वनिता तशी चालायची. आता ती सरळ आली.

"दुखतंय?"

"नाय."

"माझ्याकडं बघून सांग."

"नाय दुखत आई. दुखायच्या आधी थांबले."

मग तिनं सांगितलं. जेटीवर पिशवी भरली होती. पुढच्या चढांना पाऊस गेला आणि ऊन चढलं. ती घोट घेत गेली, घोट घेत गेली आणि एका चढाच्या मधेच बोंडातून नुसती हवा आली. ग्रुपचे पुढारी बोलले, आता गुहागरलाच भरू, वेळ गेला तर दुसरी फेरी चुकेल. ते काय वाईट माणूस नाय, त्यांना सगळ्यांचं बघायचं होतं. वनिता अजून थोडी गेली. मग तिनं लघवीचा रंग बघितला. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं आहे, रंग गडद झाला की पुढं जायचं नाय. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि बोलली, मी इथं थांबते, तुम्ही जावा.

"बाकीचे काय बोलले?" मी विचारलं.

"एक जण बोलला, थोडक्यासाठी सोडताय. दोघं जण माझ्याबरोबर थांबतो बोलले. मी त्यांना पण पाठवून दिलं. वरच्या अंगाला घर होतं. त्या बाईनं पेज दिली, मीठ घातलेली, आणि उकळलेलं पाणी. तिच्या ओटीवर बसून राहिले मी. रंग साफ होईपर्यंत बसले. मग हळूहळू गुहागर."

"आणि ते सगळे?"

"पोचले असतील मुरुडला." तिनं हेल्मेट काढलं, केस चिकटले होते. "काकी, इतकी वर्षं कोणी पॅसेंजर बोलला की मी बेल मारते. म्हाताऱ्यासाठी मारली, पोराला ओकारी आली म्हणून मारली, बोकडासाठी पण मारली. माझ्यासाठी आज पहिल्यांदा मारली."

तोपर्यंत दोघा हमालांनी सायकल टपावरून खाली घेतली होती. वनिता तिच्याकडं वळली आणि चाकात अडकलेलं गवत काढायला लागली. सायकलीबद्दल ती काही बोलली नाय. बोलायची पाळी सासूची होती, हे तिला माहीत होतं.

पार्वतीबायनं तिच्या पाठीवरची बॅग उतरवली. चेन उघडली आणि आतली छोटी पिशवी बाहेर काढली. ती चिकटून सपाट झाली होती. तिनं ती दोन्ही हातांनी दाबली, उलटी केली, एक थेंब पडला.  मला वाटलं आता बोलेल, बघ, नायतरी सांगत होते.

ती माझ्याकडं वळली.

"ह्याच्याहून मोठी येते काय गो?"

"येते. पार्सल आलं की."

"पहिल्यासारखी नको. तिच्यापेक्षा पण मोठी बघ," ती बोलली. "आणि कुठं टांगायची ते ह्या वेळी मला सांग. मुरुडपर्यंत पुरंल अशी दे."